दातारांची सातवी फीत

विंग कमांडर सबनीस यांनी दातारांना फसवलं. सबनीस म्हणजे इथल्या आपल्या मराठी मंडळाचे सचिव, हवाई दलातून निवृत्त झालेले, गणपतीच्या आरतीला पहिल्या रांगेत उभे असतात ते. त्यांच्या जोडीला मोहालीचं एक छोटं रेडिओ केंद्र होतं; त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनी तसे हात जोडले आहेत. आणि या सगळ्या बोलण्यांत मध्यस्थ मी होते. मध्यस्थाने काय केलं तेही लिहिणार आहे. पण आधी दातार कोण ते सांगते, कारण मंडळातले निम्मे लोक त्यांना 'ते गाणंवाले आजोबा' एवढंच ओळखतात.

शरद दातार इथे चंदीगडला सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायचे. ते शास्त्रज्ञ नव्हते. शास्त्रज्ञांची यंत्रं खोटं बोलायला लागली की ती ज्याच्या टेबलावर यायची तो माणूस. हे शब्द त्यांचेच. "यंत्र बिघडत नाही हो, खोटं बोलायला लागतं. किती खोटं बोलतंय ते कळलं की त्याच्याकडून खरं काढून घेता येतं." निवृत्तीनंतर ते सेक्टर एकोणचाळीसमध्ये हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये आले, पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर मी. माझे यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत गेले. मी कराडला परत गेले नाही. लुधियान्याहून कापडाचे तागे आणून होस्टेलांना चादरी आणि अभ्रे शिवून देऊ लागले. आज सहा मशिनं आहेत, आणि लुधियान्यात असा व्यापारी नाही जो मला दारात बघून 'आ गई मराठन' असं पुटपुटत नाही.

दातारांची आणि माझी ओळख भांडणाने व्हायला हवी होती, पण त्यांना भांडता येत नव्हतं. रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. घंटी होती तरी टकटक. दारात उंच, वाकलेला, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेला माणूस.

"नमस्कार. मी वरचा दातार. तुमची मशिनं दर रविवारी साडेनऊपासून पंचेचाळीस मिनिटं बंद ठेवता येतील का?"

"सोमवारी माल द्यायचा असतो मला," मी म्हटलं. "पंधरा मिनिटं ठेवते."

"पंचेचाळीस लागतात."

"वीस."

"नाही हो, पंचेचाळीस."

"पंचवीस. त्याच्यावर एक मिनिट मिळणार नाही."

दुसरा कोणी असता तर चाळीसवर आला असता, मी तीसवर गेले असते, मध्ये कुठेतरी मिटलं असतं. दातारांनी मान हलवली. "माझ्याकडे पंचेचाळीसच आहेत. कमी केले तर ते गाणं राहत नाही." एवढं बोलून ते जिना चढायला लागले. राग नाही, लोचटपणा नाही. मी खालून ओरडले, "अहो, घासाघीस तरी करा!" ते वळून म्हणाले, "कशाची?" आणि त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. त्या दिवसापासून दर रविवारी माझी सहाही मशिनं पंचेचाळीस मिनिटं बंद. समोरच्याने सांगितलेला पहिलाच आकडा मी मान्य केला असं आयुष्यात तेवढं एकदाच घडलं.

पंचेचाळीस मिनिटं काय चालतं ते बघायला तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी वर गेले. बाहेरच्या खोलीत छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, खोक्यांत फिती. मोठ्या चकत्यांच्या जुन्या, नंतरच्या कॅसेटच्या. तीस वर्षं दातारांनी रेडिओवरचं गाणं टिपून ठेवलं होतं, रेडिओसमोर माइक धरून. त्यामुळे गाण्यात घरातलं सगळं येई: कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, शेजारच्यांचं भांडण. एकाने सुचवलं की आता कॉम्प्युटरवर हे आवाज पुसता येतात. दातार म्हणाले, "शिट्टी पुसली तर त्या दिवशी आमच्याकडे भात झाला होता हे कसं कळणार?" ते विनोद करत नव्हते.

बैठकीला सात-आठ जण असायचे. फौजी अधिकाऱ्यांच्या बायका, मोहालीत कंपन्यांत नोकरी करणारे दोघं-तिघं, सेक्टर बत्तीसच्या मेडिकल कॉलेजातल्या नांदेडच्या एक डॉक्टर बाई. दाराशी स्टीलचा डबा. मोबाइल त्यात टाकायचा. आणि एक नियम असा की काय लावलंय, कोण गातंय हे आधी सांगायचं नाही. ते चहाबरोबर. एकदा एका कर्नलसाहेबांनी ऐकताना डोळे मिटून मान डोलवली आणि चहाच्या आधीच जाहीर केलं की असा गळा घराण्याशिवाय येत नाही, हे कोणी मोठे खाँसाहेब असणार. दातारांनी त्यांच्या हातात कप दिला. "तारखात्यात कारकून होते. साताऱ्याला. रजा शिल्लक असेल तेव्हा गायचे." कर्नलसाहेब नंतर आले नाहीत. दातारांना वाईट वाटलं. "त्यांचा कान बरोबर होता हो. नावाने घोळ केला."

मला गाणं कळत नाही. आजही नाही. मी मशिनं बंद करून रिकामी बसायचे म्हणून वर जायचे, आणि गाण्यातलं गाणं सोडून बाकीचं सगळं ऐकायचे. कुकर, घंटी, भांडण. दातारांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे तुम्ही त्या घरात जाऊन बसता. आम्ही नुसते रेडिओपाशी बसतो."

त्यांची आणखी एक पद्धत होती आणि पुढचं सगळं तिच्यापायी झालं. प्रत्येक खोक्यात फितीबरोबर एक चिठ्ठी. बारीक, सरळ अक्षर. ही फीत कधी टिपली, त्या वेळी विजेचा दाब किती होता, मशीन किती हळू चाललं, आता लावताना किती हळू करायचं. संध्याकाळी वीज कमी दाबाने यायची, टेपरेकॉर्डर रेंगाळायचा आणि मग ती फीत चांगल्या मशीनवर लावली की आवाज चढायचा. बाईची पोर व्हायची. दातारांनी स्वतःच्या मशीनला एक खटका बसवला होता. चिठ्ठी वाचायची, खटका तितका फिरवायचा, मग माणसाचा खरा आवाज यायचा. या चिठ्ठ्यांची दुसरी प्रत नव्हती. मी एकदा म्हटलं, "वहीत उतरवून ठेवा की. मी मालाच्या पावतीच्याही दोन प्रती ठेवते." ते म्हणाले, "वही केली की माणूस वही बघतो, खोकं उघडत नाही. कागद फितीजवळच पाहिजे." चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांचे दोष शोधलेल्या माणसाला आपल्या पद्धतीतला दोष दिसला नाही. मला दिसला होता. मी एकदा बोलले आणि सोडून दिलं.

हा माणूस व्यवहाराला किती निकामी होता त्याची एकच गोष्ट सांगते. आमच्या भागात आठवड्याला अपनी मंडी भरते. तिथे खरड गावचा एक म्हातारा शेतकरी वाटाणे आणि गाजरं घेऊन बसायचा, जुना काट्याचा तराजू. मी सहा महिने त्याच्याचकडून घेत होते, कारण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं की त्याचं पारडं झुकतं आहे, किलोमागे मूठभर माल जास्त येतो. एका संध्याकाळी दातार माझ्याबरोबर आले. तराजूकडे टक लावून बघितलं, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तिथेच फतकल मारून बसले. "बाबाजी, आपका काँटा आपको ही ठग रहा है।" दहा मिनिटांत काटा सरळ. म्हाताऱ्याने त्यांच्या पिशवीत गाजरं कोंबली. घरी येताना मी त्यांना चौकापर्यंत बोल लावले. "तुम्हाला काय गरज होती? नुकसान कोणाचं झालं? माझं!" ते चालता चालता म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?" मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ते एवढंच म्हणाले, "मग तुमचा कान चांगला आहे, कदमबाई. वापरत नाही तुम्ही."

आता मालतीबाई. दातारांची बायको. मी त्यांना पाहिलं नाही. मी इथे आले त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या. त्या गायच्या. लग्नानंतर, मिरजेला असताना, रेडिओवर एकदाच गायल्या. वीस मिनिटं, मारवा. त्या तिकडे स्टुडिओत आणि दातार घरी रेडिओसमोर माइक धरून. निवेदकाने नाव घेतलं तेव्हा यांच्या हाताला घाम सुटलेला, बटण दाबायला उशीर झाला आणि नाव टिपलं गेलं नाही. फीत सुरू होते ती थेट आवाजापासून. पुढे दातारांची बदली चंदीगडला झाली. इथे ना गुरू, ना साथीला कोणी. गाणं थांबलं.

"थांबलं नाही," दातार एकदा म्हणाले. "मी थांबवलं. बदली माझी होती. ती काही बोलली नाही, म्हणून मी समजलो की तिचं काही म्हणणं नाही."

ती फीत ते वर्षातून एकदाच लावायचे, मालतीबाईंच्या वाढदिवसाला, कारण प्रत्येक वेळी लावली की ती थोडी झिजते. त्या दिवशी बैठकीला मी एकटी असायचे. मध्येच एका म्हातारीचा आवाज येतो, "शरद, शेगडी बघ रे." दातारांची आई. मला त्या गाण्यातलं तेवढंच नीट कळायचं. मालतीबाईंच्या आवाजाची जगात दुसरी खूण नव्हती. फोटो होते, पत्रं होती. आवाज म्हणाल तर ही एक फीत.

गेल्या नोव्हेंबरात सबनीस वर आले, बरोबर रेडिओच्या गिल मॅडम. त्यांच्या रेडिओला पाच वर्षं होत होती म्हणून शास्त्रीय संगीताचा सप्ताह करायचा होता. सोमवार ते रविवार, रोज संध्याकाळी सहा ते सात. सात दिवस, दातारांच्या सात फिती. सबनीसांनी मला मुद्दाम वर बोलावून घेतलं होतं, कारण दातार माझं ऐकतात हे त्यांना ठाऊक होतं.

दातार म्हणाले, "फिती घराबाहेर जात नाहीत. नक्कल करायची तर मशीन इथे आणा, माझ्यासमोर करा."

"अंकल जी, पूरा सेटअप यहाँ कैसे लाएँ?" गिल मॅडम हसल्या.

"मग राहू द्या."

सबनीस माझ्याकडे बघायला लागले. मी दातारांना स्वयंपाकघरात नेलं. "सातवी फीत मालतीबाईंची लावायला लावते. रविवारी. नाव घ्यायला लावते रेडिओवर."

त्यांनी गॅस उगाचच बंद केला. चालू नव्हताच. "नाव घेतील?"

"घ्यायला लावते म्हटलं ना."

बाहेर येऊन मी बोलणी करायला बसले. नाव गाण्यानंतर घ्यायचं. गाणं मध्ये तोडायचं नाही. सोमवारी फिती परत. इथपर्यंत गिल मॅडम हो हो म्हणत गेल्या. रविवारावर अडल्या. "आंटी जी, संडे को कोई बड़ा नाम चाहिए। स्पॉन्सर भी तो देखना है।" मी अर्धा तास घासलं. शेवटी म्हटलं, ठीक आहे, नक्कल तुमच्या स्टुडिओत करा, पण रविवार आमचा. "डन, आंटी जी!"

सौद्यात एक सोडायचं आणि एक घ्यायचं असतं. मी दातारांच्या समोर नक्कल करण्याची अट सोडली. ती अट माझी नव्हती, दातारांची होती, आणि मी त्यांना विचारलं नाही. ते समोर बसले होते. "तुम्ही म्हणता तर," एवढंच म्हणाले. जिना उतरताना मला वाटत होतं की मी जिंकून आले.

फिती न्यायला सबनीस स्वतःची गाडी घेऊन आले. "मी स्वतः नेणार, स्वतः आणणार, कदमताई. फौजी माणसाचा शब्द आहे." सातवं खोकं दातारांनी माझ्याकडच्या कोऱ्या अभ्र्यात गुंडाळलं होतं. ते सबनीसांच्या हातात देताना म्हणाले, "आधी चिठ्ठी वाचायची. मग फीत लावायची. तशीच लावली तर ती ती राहणार नाही." सबनीसांनी टाचा जुळवून कडक सलाम केला. "येस सर!" आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

सोमवारी सहा वाजता आम्ही दातारांच्या खोलीत जमलो. त्यांनी नवीन स्वेटर घातला होता. पहिली फीत बरी गेली. आवाज थोडा चढा होता, पण दातार म्हणाले, चालायचंच. मध्ये जाहिरात आली. झीरकपूरकडे कुणी इमारती बांधल्या होत्या. "पहाड़ों का नज़ारा, तीन कमरों का घर, सुकून की नई सुबह!" आणि त्या बोलण्याखाली एक बारीक, कोवळा आवाज आलाप घेत होता.

"ही मुलगी कोण?" दातार म्हणाले. "गळा चांगला आहे. सोळा-सतरा वर्षांची असेल."

मंगळवारी तीच जाहिरात, तोच आलाप. तासात चार वेळा. बुधवारी दातार जाहिरातीची वाट बघायला लागले. "शिकवणारा चांगला मिळालाय पोरीला. आमची मालती अशीच थांबायची, या जागेवर. गिल मॅडमना नाव विचारा हो."

गुरुवारी मी त्यांच्या शेजारी बसले होते. जाहिरात तिसऱ्यांदा लागली. मला आलाप कळत नाही, म्हणून मी आलापामागचं ऐकत होते. 'सुकून' आणि 'सुबह' यांच्या मध्ये क्षणभर बोलणारा थांबतो. तिथे कोणीतरी काहीतरी बोललं.

"दातारसाहेब," मी म्हटलं, "त्यात कोणीतरी 'शरद' म्हणतंय."

"काय?"

"बघा, आता परत लागेल तेव्हा."

गाणं पुन्हा सुरू झालं होतं. त्यांनी ते ऐकलं नाही. हात मांडीवर घट्ट धरून ते पुढच्या जाहिरातीपर्यंत बसून राहिले. ती लागली. चिवचिवल्यासारखा घाईचा आवाज: शरद, शेगडी.

"आई," दातार म्हणाले. मग, "म्हणजे ती मुलगी..."

ते उठले आणि रेडिओ बंद केला. गाणं चालू असताना मध्येच बंद केलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. तीन दिवस ज्या पोरीचं ते कौतुक करत होते ती त्यांची बायको होती आणि त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. खोलीत डॉक्टर बाई होत्या, मी होते, आम्ही दोघी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

शुक्रवारी सकाळी मी सबनीसांच्या घरी गेले. बसले नाही.

"अहो कदमताई, रागावताय काय!" सबनीस म्हणाले. "प्रायोजकांना तो तुकडा फार आवडला. उलट दिवसातून चार वेळा मालतीवहिनी रेडिओवर आहेत. दातारांना आनंद व्हायला पाहिजे."

"चिठ्ठी वाचली होती का?"

"कसली चिठ्ठी?"

"खोक्यातली. फीत हळू लावायची होती."

"आता ते टेक्निकल मला काय ठाऊक? मी फिती पोचवल्या. मला तर छानच वाटतंय ऐकायला."

"गाण्याखाली घरं विकायची हे ठरलं होतं?"

"ताई, हे सगळं फुकट होत नाही. तुम्ही तर धंद्यातल्या, तुम्हाला मी काय सांगू?"

माझ्या तोंडून जे गेलं ते छापण्यासारखं नाही. पण रविवार बाकी होता, म्हणून मी आवरतं घेतलं. शेवटी एवढंच म्हटलं, "परवा नाव घ्या. आणि चिठ्ठी वाचून लावा." सबनीस म्हणाले, "पक्का."

रविवारी सहाला दातार रेडिओसमोर बसले. आधी प्रायोजकांचा सत्कार झाला, थेट प्रक्षेपण. मग प्रायोजकांचं भाषण. मग सबनीसांचं, त्यात संस्कृती हा शब्द मी मोजायचा सोडून दिला. मग गिल मॅडमनी सगळ्यांचे आभार मानले. "और हमारे एक सीनियर सिटिज़न अंकल, जिन्होंने अपना कलेक्शन शेयर किया।" सात वाजले. बातम्या सुरू झाल्या. फीत लागलीच नाही.

मी उभी राहून रेडिओला शिव्या देत होते. दातार म्हणाले, "बसा, कदमबाई. नाव राहिलं. पहिल्या वेळी माझ्याकडून राहिलं होतं."

सोमवारी सबनीस आले ते वर गेलेच नाहीत. सात खोक्यांचा गठ्ठा माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला, "जरा गडबडीत आहे" म्हणाले आणि गाडी चालू ठेवली होती तीत बसून गेले. सातव्या खोक्याला अभ्रा नव्हता. आत चिठ्ठी नव्हती. फीत होती. दातारांनी ती मशीनवर चढवली आणि खोलीत लग्नाचा बँड वाजायला लागला. मग कोणाचं तरी पंजाबीतलं भाषण. रेडिओच्या कपाटातली कुठलीतरी जुनी फीत.

त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. दोन्ही बाजू. मध्ये कुठेतरी असेल म्हणून.

मी मोहालीला चार खेपा घातल्या. गिल मॅडम म्हणाल्या, "आंटी जी, हमने सातों टेप गिनकर विंग कमांडर साहब को दिए।" सबनीस म्हणाले, "मला जे दिलं ते मी आणलं. खोकी उघडून बघणं माझं काम नव्हे." नक्कल तरी द्या म्हटलं तर म्हणे सातव्या फितीची जाहिरातीपुरतीच उतरवली होती. रेडिओच्या कपाटात बघू द्या म्हटलं तर म्हणे जुनं सामान सप्ताहानंतर साफ केलं. कोणी नेलं? कुठे? सांगता येत नाही. चौथ्या खेपेनंतर मी सबनीसांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "ताई, पन्नास वर्षांची फीत. तशीही किती दिवस टिकली असती?"

हे वाक्य मी दातारांना सांगितलं नाही.

त्यांनी बैठक बंद केली असं नाही, पण रविवारी ते फीत निवडायला फळीपाशी जात आणि उभेच राहत. डॉक्टर बाई आणि मी दोघीच उरलो. जानेवारीत त्यांची मुलगी अश्विनी कॅनडाहून आली. चांगली मुलगी आहे. मराठी कळतं, उत्तर हिंदीत देते. "बाबा, यहाँ अकेले नहीं रहना अब," म्हणाली आणि त्यांचं सामान बांधायला घेतलं. ते नाही म्हणाले नाहीत. फिती सेक्टर एकोणचाळीसच्या फ्लॅटमध्येच राहिल्या. किल्ली माझ्याकडे आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मी मुळ्याचे पराठे घेऊन वर गेले. बाहेर धुकं, समोरची झाडंही दिसत नव्हती. दातार कोट घालून, मफलर बांधून पलंगाच्या कडेला बसले होते आणि त्यांच्या हातात मोबाइल होता. डॉक्टर बाईंनी त्यांना ती जाहिरात उतरवून दिली होती, रेडिओने नंतर नेटवर टाकली होती तिथून. त्यात आवाज हळू करायची पट्टी होती. बोटाने सरकवायची.

ते सरकवत होते. पट्टी डावीकडे गेली की पोर मोठी व्हायची. वीस वर्षांची, तीस वर्षांची. आणखी डावीकडे, चाळीस. आणि त्याच्यावर तो घर विकणारा दारू प्यायल्यासारखा बोलायचा, "प-हा-ड़ों का न-ज़ा-रा". प्रत्येक जागी वेगळीच बाई गात होती आणि प्रत्येक बाई खरी वाटत होती.

"चिठ्ठीत आकडा होता," ते म्हणाले. "मीच लिहिला होता. आठवत नाही. वर्षातून एकदा बघायचो ना, लक्षात ठेवायची गरज पडली नाही." त्यांनी पट्टी जराशी हलवली. "ही आहे का?" मग परत थोडी. "की ही? तुम्ही ऐकलंय तिला, कदमबाई. अश्विनीने तिला गाताना ऐकलेलं नाही. दुसऱ्या कोणी ऐकलेलं आता नाही. सांगा बघू."

मी आयुष्यात समोरच्याला लगेच हो म्हटलेलं नाही. तेव्हा म्हटलं. "हीच. हीच आहे, दातारसाहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काटा बघतात तसं. मग मोबाइल बंद करून कोटाच्या खिशात ठेवला.

"खालून हॉर्न वाजतोय," ते म्हणाले. "चला."

गाडीत बसताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही. गाडी कोपऱ्यावर धुक्यात जाताना मला खिडकीतून एवढंच दिसलं की त्यांनी मोबाइल परत बाहेर काढून कानाला लावला होता आणि अंगठा हलत होता.

ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. अश्विनीला मी दर आठवड्याला फोन करते. ती म्हणते, अब भी वही करते हैं।

अट मी सोडली, हे मी वर लिहिलं आहे आणि त्याचा जाब दातारांनी मला विचारला तर मी देईन. त्यांनी विचारलेला नाही. पण सबनीससाहेब, सातवं खोकं मी तुमच्या हातात जाताना पाहिलं आहे, आणि परत आलं तेव्हा त्यात काय होतं तेही पाहिलं आहे. मधले सगळे दिवस तुमचे आहेत. त्या दिवसांत मालती शरद दातार यांची फीत कोणी काढली, कोणी ठेवली, कोणी टाकली, आणि कुठे? फीत नसेल तर निदान ती चिठ्ठी, निदान त्यावरचा आकडा. गिल मॅडमकडे बोट दाखवू नका. तुम्ही स्वतः नेणार आणि स्वतः आणणार होता. हा अंक निघाल्यावर मंडळाची सभा आहे. व्यासपीठावर तुम्ही असाल. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. उत्तर घेऊन या.